कार्तिकीची रताळी आणि कुंपणाची कण्हेर

पाऊस तोंडावर आला की आमच्या जुळे सोलापुरातल्या गल्लीत एकच वाद पेटतो. घरापुढच्या मोकळ्या पट्ट्यात लावायचं काय? एक गट म्हणतो, फुलझाडं लावा, घराला शोभा येते. दुसरा म्हणतो, शोभा काय चाटायची आहे का, पोटाला लागेल ते लावा. यंदा दोन्ही बाजूंनी आपापला उमेदवारही उभा केलाय. शोभावाल्यांची कण्हेर आणि पोटवाल्यांचं रताळं. समोरचे मामा तर मला फाटकातच अडवून म्हणाले, "ताई, तुम्ही सारखं झाडांत असता, एकदाचं सांगून टाका की!"

मामा, सांगते. पण फुलं की खाणं, या मापानं नाही सांगणार. या गावात झाडाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की बाई गं, तुला पाणी कुठल्या महिन्यात लागतं? उजनी धरण शंभर टक्के भरल्याची बातमी वाचून आपण पेढे वाटायचे आणि नळाची वाट बघत चार-चार दिवस बसायचं, हे आपल्याला काही नवीन नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की कुंडीतला गुलाब आणि हौसेनं अंथरलेली लॉन दोन्ही बादलीकडे डोळे लावून बसतात. त्या हिशेबानं पाहिलं तर कण्हेर आणि रताळं हे दोघंही आपल्याच बाजूचे आहेत.

रताळ्याचं गणित मला फार आवडतं. त्याला जमिनीत साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. आपल्याकडे आषाढी ते कार्तिकी नेमके चारच महिने. आषाढीच्या आसपास वेल लावायचा, चातुर्मासभर पावसानं सांभाळायचा आणि कार्तिकीच्या उपासाला घरची रताळी काढायची. इतकं सोपं वेळापत्रक कुठल्या कॅलेंडरात नसेल. अधिक महिना मध्ये घुसला तर मात्र एकादशीची वाट बघू नका. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, तेव्हा हे अंतर पाच महिन्यांवर गेलं. जमिनीत जास्त राहिलेलं रताळं दोऱ्या-दोऱ्याचं होतं आणि किडीलाही आयतं सापडतं. आषाढीला पातेल्यात असतात ती रताळी बाजारची, हे सांगायला नकोच.

आता आपली काळी माती. लोक तिचं फार कौतुक करतात, ज्वारीसाठी ते खरंही आहे. रताळ्याला मात्र ती जशीच्या तशी मानवत नाही. पाऊस पडला की चिखल, ओढ दिली की भेगा. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणजे नेमका रताळी भरायच्या वेळेला. सपाट वाफ्यात लावलीत तर पाणी साचून कुजतील. म्हणून सरी-वरंबा करा, म्हणजे एक चर आणि शेजारी मातीचा उंचवटा, आणि हा वरंबा चांगला फूटभर उंच. मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून ती भुसभुशीत करा. वेलाचा वीतभर-दीड वीत लांबीचा शेंड्याकडचा तुकडा घ्यायचा आणि त्याचे दोन-तीन डोळे, म्हणजे जिथून पान फुटतं ती पेरं, मातीत जातील असा आडवा दाबायचा. बी नाही, रोप नाही, खर्च नाही.

भेगांचा दुसरा ताप म्हणजे सोंड्या किडा. मुंगीपेक्षा जरा मोठा, निळसर-काळा, मधे तांबडा. दिसायला देखणा, आणि करणी बघा. तो भेगेतून खाली उतरतो, रताळ्यात अंडी घालतो आणि अळ्या आतून बोगदे करतात. असलं रताळं उकडलं तरी कडू लागतं. त्यावर औषधापेक्षा माती चढवणं कामाचं. दर दोन-तीन आठवड्यांनी खुरप्यानं भेगा बुजवायच्या आणि वेल उचलून दुसऱ्या बाजूला टाकायचा. वेल जमिनीला टेकेल तिथं मुळ्या सोडतो, मग ताकद वाटली जाते आणि चार नीट रताळ्यांऐवजी बोटाएवढी मुळं हाती येतात. युरिया तर टाकूच नका. हिरवागार वेल बघून शेजारी वाहवा करतील आणि खाली काहीच नसेल. चुलीची राख मिळाली तर ती टाका.

काढायची वेळ झाली का, हे बघायला एखादं रताळं उकरून कापा. चीक येईल. तो तसाच पांढरा वाळला तर रताळं तयार, हिरवट-काळा पडला तर अजून थांबा. काढल्यावर धुवायची घाई नको. पाच-सहा दिवस सावलीत पसरून ठेवली की गोडी वाढते. शिजवतानाही मंद आचेवर शिजवा, कारण आतल्या पिठाची साखर व्हायला वेळ लागतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांत ती मजा येत नाही, कितीही घाई असली तरी.

आणि रताळी यायच्या आधीच पाला सुरू होतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. कोवळे शेंडे खुडायचे, लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीत परतायचे आणि वरून आपलं शेंगदाण्याचं कूट. कडक भाकरीबरोबर खाऊन बघा. फक्त ओरबाडून खुडू नका, पाला गेला तर खालचं भरणार कशानं?

इथवर वाचून पोटवाले खूश झाले असतील. थांबा जरा.

नोव्हेंबरात रताळी काढली की तो पट्टा उघडा पडतो. पुढे उन्हाळाभर तिथं धूळ, भेगा आणि कुणीतरी टाकलेली वेफर्सची पिशवी. त्याच मे महिन्यात कण्हेर मात्र गुलाबी फुलांनी लगडलेली असते. पहिलं वर्ष-दोन वर्षं पाणी घातलं की मुळं खोल जातात आणि मग ती तुमच्या नळाची वाट बघत नाही. महामार्गाच्या दुभाजकात, धूर आणि तापलेल्या डांबराच्या मधे ती उगाच लावत नाहीत. महादेवाला फूलही होतं. पावसाळ्यात तिच्यावर हिरवी, बोटाएवढी जाड अळी दिसते, डोक्यामागे दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके. ती एका पतंगाची अळी. तिला राहू द्या, कण्हेर पुन्हा फुटते. शेंड्याला पिवळा मावा आला तर पाण्याचा फवारा मारला की काम झालं.

पण कण्हेर विषारी आहे. अर्धवट नाही, पुरती विषारी: पान, फूल, खोड, मूळ, चीक, सगळं. थेट हृदयावर परिणाम होतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी छाटणी झाली की फांद्या फाटकाबाहेर! माझा खरा राग यावर आहे. ओलं पान कडू असतं म्हणून शेळी सहसा तोंड लावत नाही. वाळलेल्या पानाचा कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. आपल्या भागात सकाळी किती शेळ्या-गायी फिरतात, डोळ्यांसमोर आणा. गेल्या वर्षी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर असा ढीग तीन दिवस वाळत पडला होता आणि दोन शेळ्या त्यात तोंड घालत होत्या. मी खराटा घेऊन धावले म्हणून निभावलं. तो ढीग जाळूही नये, धूरही बाधतो. पोत्यात घट्ट बांधून घंटागाडीवाल्याला 'कण्हेर आहे' असं सांगून द्या. पिवळी कण्हेर, म्हणजे ज्याच्या बिट्ट्यांनी आपण लहानपणी खेळलो ते झाड, तेही याच रांगेतलं.

तर मामा, माझा निकाल. घरात रांगतं पोर असेल किंवा दारात जनावर असेल तर कण्हेर नको, शोभेसाठी जास्वंद बघा, तिला थोडं पाणी जास्त द्यावं लागेल. तसं काही नसेल तर रस्त्याकडेच्या कुंपणाला कण्हेर, आणि घराच्या बाजूला, स्वयंपाकघराचं पाणी पोचेल तिथं रताळं. दोघांत निदान चार-पाच हात अंतर ठेवा, म्हणजे पाला खुडताना कण्हेरीचं गळलेलं पान टोपलीत यायचं नाही. जागा एकाचीच असेल तर मी रताळं लावेन. उन्हाळ्यात पट्टा उघडा दिसला तरी चालेल मला. दोन वेल बादलीत, भांडी विसळलेल्या पाण्यावर जगवले की पुढच्या आषाढीचं बेणं घरातच.

नर्सरीत हल्ली पोपटी आणि जांभळ्या पानांचा एक वेल टांगत्या कुंडीत मिळतो, चांगली किंमत लावून. तेही रताळंच आहे, शोभेचं. पानं सुंदर, खालचं रताळं बेचव. दोन्ही गटांना एकाच कुंडीत गप्प करायचं असेल तर तेवढा एक उपाय आहे.

माझ्याकडे लाल सालीच्या रताळ्याचा वेल भरपूर आहे. ज्यांना हवा त्यांनी आषाढीच्या आधी संध्याकाळी या, येताना ओलं फडकं आणा. लगेच लावता नाही आला तरी फडक्यात गुंडाळून दोन दिवस सावलीत ठेवा, डोळ्यांना मुळ्या सुटायला लागतात आणि वेल लवकर धरतो.