अण्णांनी मला खोका विकला नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढे सरकावं.

दुपारी एका मॉलमधल्या दुकानात गेले होते. काचेचं जड दार, मंद पिवळा उजेड, भिंतभर लाकडी कप्पे. मला बारीक सिगार हवी होती, करंगळीएवढ्या जाडीची, जेवणानंतर गॅलरीत बसून निवांत ओढण्यासारखी. काउंटरवरच्या मुलाचं पहिलंच वाक्य, "मॅडम, गिफ्टसाठी का? सरांना कुठला ब्रँड आवडतो?"

सर कोण? माझ्याकडे बघून विचार ना! पैसे मी देणार, ओढणार मी, आणि आवड सरांची विचारायची?

बरं, तेही सोडलं. म्हटलं, एकच दे. एक मिळत नाही, पाचांचा पत्र्याचा डबा घ्यावा लागेल. उघडून दाखव. सील आहे, उघडता येणार नाही. माल किती दिवस पडून आहे? "मॅडम, इम्पोर्टेड आहे." हे उत्तर त्याने मला तीनदा दिलं. किंमत इथे लिहीत नाही, माझी बहीण यादीत आहे.

घरी येऊन सील काढलं, एक उचलली आणि दोन बोटांत जराशी दाबली. पापडासारखी कुरकुरली. वरचं पान तडकलं आणि भुगा मांडीवर पडला. बाकीच्या चारही तशाच. दुकानात फोन केला तर म्हणे सील तुटलं की माल परत घेत नाही. मग दुकानात काय डोळ्यांनी दाबून बघायचं होतं का?

तर आता पुण्याच्या कॅम्पातल्या, तंबाखूचं दुकान असलेल्या अण्णांबद्दल लिहिते.

मेन स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. अण्णा तमिळ, पण घराण्याच्या तीन पिढ्या कॅम्पात गेलेल्या, त्यामुळे मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकाच दमात. मी शाळेत असल्यापासून त्या दुकानात जायचे, कारण आजोबांची तपकीर तिथून यायची. आजोबांची पितळी डबी घेऊन जायचं. अण्णा बरणीचं झाकण उघडायचे, लाकडी चमच्याने तपकीर तराजूत घालायचे आणि मग नरसाळ्याने डबीत. एक कणही सांडायचा नाही. मला शिंक आली की म्हणायचे, "तू लांब उभी राहा, हे तुझ्यासाठी नाही." (आज अठराच्या आतल्या मुलीला तंबाखू विकणं कायद्याने गुन्हा आहे आणि तो असावाच. तेव्हा कुणाच्या मनातही यायचं नाही.)

१९८९ मध्ये ईस्ट स्ट्रीटवर एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. पहिला पगार हातात आला आणि मी सरळ अण्णांकडे गेले. आमच्या ऑफिसातले मोठे साहेब तमिळनाडूतल्या त्रिचीचे बारीक चिरूट (सिगारचाच एक प्रकार) ओढायचे, त्या वासाने मला वेड लावलं होतं. मी ऐटीत म्हटलं, "अण्णा, एक पूर्ण खोका द्या."

अण्णांनी खोका काढला. उघडला. एक चिरूट उचलला, माझ्यापुढे ठेवला आणि खोका पुन्हा बंद करून फळीवर ठेवून दिला.

"एक घे. आठवड्याने ये आणि सांग."

मी म्हटलं, पैसे आहेत माझ्याकडे. म्हणाले, "पैसे दिसले. तू ओढतेस का ते अजून दिसलं नाही."

एवढंच. बाईमाणूस म्हणून भुवई वर गेली नाही, घरी सांगेन म्हणून धमकी नाही, उपदेश नाही. आणि पूर्ण खोक्याचा गल्ला समोर असताना एका चिरुटाचे पैसे घेतले. आज दिवसभर मला तोच बंद होणारा खोका आठवतोय. कुठला दुकानदार आज हे करेल? दाखवा मला एक.

मॉलवाल्या त्या कोरड्या सिगारी फेकून दिल्या आणि माझ्या स्टीलच्या डब्यातून एक चिरूट काढला. भाची त्रिचीला कामाला गेली होती, तिने उरैयूरहून आणलेले. हे टाइप करतेय तेव्हा तो पेटलेला आहे, त्यामुळे राग थोडा खाली येईल असं वाटतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नेहमीच्या सिगारचं एक टोक बंद असतं, ते कापावं लागतं. चिरूट दोन्ही बाजूंनी सरळ कापलेला असतो, कापायची कटकट नाही. उरैयूर हा त्रिचीचाच एक भाग. तिथले चिरूट इंग्रजांच्या काळात बोटीने विलायतेला जायचे. अण्णांकडे हा माल येई तो दोऱ्याने बांधलेल्या जुड्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळून. मग ते स्वतः निवडून लाकडी खोक्यांत भरायचे. तंबाखू कुठली हे सांगायलाही त्यांना फार आवडायचं. दिंडिगुलची एक. दुसरी लंकेची. लंका म्हणजे श्रीलंका नव्हे हं, आपली गोदावरी! त्र्यंबकेश्वरला निघालेली गोदावरी आंध्रात गेल्यावर पात्रात गाळाची बेटं करते, त्यांना तिकडे लंका म्हणतात. दर पुरात नवा गाळ बसतो आणि पाणी ओसरलं की त्यावर चिरुटाची तंबाखू लावतात. अण्णा म्हणायचे, "तुझ्या नाशिकचं पाणी प्यायलेली तंबाखू आहे ही." माझं आजोळ नाशिकचं, हे त्यांच्या लक्षात होतं.

आणि बारीक सिगारीचा त्रास हा, की ती जाडजूड सिगारीपेक्षा फार लवकर वाळते. अंगात ओल धरून ठेवायला जागाच नसते. सिगारीला साधारण ६५ ते ७० टक्के दमट हवा लागते. पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये ती कुठून मिळणार? वाळलेली सिगार भराभर जळते, धूर गरम होतो, जीभ भाजते, आणि पानातलं तेल उडून गेल्यामुळे चव म्हणून काही उरत नाही. उलट पावसाळ्यात बुरशी. अण्णांकडे यंत्रबिंत्र काही नव्हतं. उन्हाळ्यात खोक्यांच्या कपाटात वाटीत ओला स्पंज ठेवायचे, मृग लागला की स्पंज बाहेर. रोज सकाळी दुकान उघडल्यावर खोक्याखोक्यातला एक एक चिरूट हलकेच दाबून बघायचे. जो कुरकुरला तो बाजूला, विकायचा नाही. एकदा मी त्या बाजूला ठेवलेल्यातला मागितला, स्वस्तात द्या म्हटलं. म्हणाले, "फुकटही देणार नाही. तू हा ओढशील आणि म्हणशील अण्णाचा माल असा असतो."

त्या मॉलवाल्यांकडे हजारो रुपयांची लाकडी कपाटं आहेत. आत दमटपणा दाखवणारं काट्याचं मीटर आहे. रोज सकाळी बोटाने दाबून बघणारा माणूस ठेवला नाही. त्या मुलावर माझा राग नाही, खरंच. विशी-बाविशीचा असेल, त्याला कुणी शिकवलंच नसेल. त्याला टार्गेट दिलं असेल, माहिती दिली नसेल. राग मालकावर आहे. उद्या जाऊन त्या मालकाला भेटणार आहे आणि ते पाचही तुकडे त्याच्या टेबलावर ठेवणार आहे. कचऱ्याच्या डब्यातून परत काढलेत.

"गिफ्टसाठी का" हे मात्र अजून जात नाहीये डोक्यातून.

बाई आणि तंबाखू म्हटलं की यांना धक्का बसतो. अरे, माझी आजी पहाटे उठून तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की कुटायची आणि तिची मिश्री लावल्याशिवाय चुलीपाशी जायची नाही. तुमच्यातल्या किती जणांच्या आज्या लावायच्या, सांगू नका, मला माहीत आहे. निपाणीच्या वखारींमध्ये तोंडाला पदर बांधून तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, त्या धुळीत खोकून खोकून आयुष्य काढणाऱ्या कोण होत्या? सोलापुरात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या कोण आहेत? आंध्रच्या किनाऱ्यावर तर म्हाताऱ्या बाया चुट्टा, म्हणजे तिकडचा चिरूट, उलटा, पेटलेलं टोक तोंडात धरून ओढतात. बाईने पिकवायचं, निवडायचं, वळायचं, कुटायचं, आणि काउंटरवर आली की ती सरांसाठी गिफ्ट घ्यायला आलेली!

अण्णांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्यांच्यासाठी गिऱ्हाईक दोनच प्रकारचं होतं, सावकाश ओढणारं आणि घाई करणारं. घाई करणाऱ्याला ते चिरूट द्यायचेच नाहीत. माझा एक मित्र दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढायचा, त्याला घेऊन गेले होते. अण्णांनी त्याच्या बोटांकडे बघितलं, पिवळी झालेली. "तू धूर छातीत घेशील. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो. जा." तो चिडला. मीही चिडले होते तेव्हा, माझा मित्र ना. पण दुकान अण्णांचं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

आता कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहिते. हो, तंबाखूने कॅन्सर होतो. सिगारनेही होतो, धूर आत नाही घेतला तरी तोंडाचा होतो. मान्य. २००८ च्या २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद झालं ते फार चांगलं झालं, एसटी स्टँडवर आधी श्वास घेता यायचा नाही. आणि अण्णाही शेवटी तंबाखूच विकत होते, हेही खरं.

पण मला एक सांगा. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर २०१६ पासून इशारा आणि ते भयानक चित्र छापलेलं असतं. टपरीवर उभा असलेला पोरगा अंगठ्याने ते झाकून पाकीट उघडतो, मी रोज बघते. अण्णा समोर बघून "नको घेऊ" म्हणायचे. एवढ्या वर्षांत मला दुसऱ्या कुणी तंबाखू कमी ओढायला लावलेली नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिड्यांची विक्री बंद केली. शाळकरी पोरांना परवडू नये म्हणून, हेतू चांगलाच आहे. पण मला अण्णांनी एकच सुटा दिला म्हणूनच मी आजही एकावर आहे. त्या दिवशी खोका घेऊन घरी आले असते तर आठवड्यात संपवला असता आणि दुसरा आणायला गेले असते. एकविसाव्या वर्षी कुणाला थांबता येतं?

आठवड्याने गेले होते मी. अण्णांनी विचारलं, कधी ओढलास? म्हटलं, संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. जेवली होतीस? नाही. चक्कर आली ना? आली. "रिकाम्या पोटी कधी नाही. जेवण, मग पाणी, मग अर्धा तास बसायचं, मग." आणि पेटवायचा कसा ते दाखवलं. काडी ओढायची, गंधकाचा भपका निघून जाऊ द्यायचा. मग चिरूट ज्योतीच्या जरा वर धरून टोक फिरवत फिरवत शेकायचं, तोंडाला लावायचाच नाही. कड सगळीकडून सारखी लाल झाली की पहिला झुरका. तोंडात धूर फिरवायचा, सोडायचा. मग मिनिटभर काही नाही, त्याला हातात राहू द्यायचं. विझला तर विझला, परत पेटवायचा, घाई कसली? मी म्हटलं, पण फार कडक आहे हो अण्णा. "मग हा घेऊ नको," म्हणाले आणि वरच्या फळीवरून आणखी बारीक, फिक्या पानाचा एक काढून दिला. त्याचेही एकाचेच पैसे.

आत्ताचा हा कडक आहे. सुरुवातीला नुसता मिऱ्याचा झणका, नाकापर्यंत जातो. निम्म्यावर आलाय, आता मिरं मागे पडलंय आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं काहीतरी जिभेवर येतंय, जरासं गोड. राख अजून पडलेली नाही, करड्या रंगाची, घट्ट. वळणाऱ्याचा हात चांगला आहे. कोण असेल कुणास ठाऊक. उरैयूरमध्ये आता थोडेच लोक हे काम करतात, असं भाची सांगत होती.

अण्णा गेले. मुलं परगावी, दुकान विकलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

माझ्या यादीतले निम्मे लोक कॅम्पातच वाढलेत. तुमचे वडील, आजोबा, काका, त्यांच्याकडचं कुणी ना कुणी अण्णांकडे जायचंच. काय न्यायचे ते लिहा, आणि अण्णांनी कुणाला काय द्यायला नकार दिला तेही लिहा. आजोबांची तपकीर मधल्या फळीवरच्या बरणीतली होती एवढंच मला आठवतंय, तिचं नाव कुणाला माहीत असेल तर हवंय. आईला विचारलं, तिला आठवत नाही. कॅन्सरचे फोटो टाकणाऱ्यांच्या कमेंट उडवणार आहे, ते मी वर लिहून झालंय.