'18 दागिने, 5 अर्ज आणि फसवणूक': या अभिप्रायाला कार्यालयाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला. आधी एक तातडीचं काम: अभिप्रायासोबत टाकलेल्या फोटोंपैकी तिसरा फोटो लगेच काढून टाका. त्याचं कारण तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता तक्रारीकडे येते. वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की 18 दागिन्यांच्या कलेक्शनच्या डिझाइन नोंदणीला एक अर्ज पुरला असता, तरी आम्ही 5 अर्ज केले आणि पाच वेळा पैसे घेतले. इतकं करून 9 दागिने उघडेच ठेवले. दुसऱ्या एका सल्लागाराने सरकारी फी 500 रुपये भरून अख्ख्या कॅटलॉगचा कॉपीराइट काढून दिला. आता तुमच्या झुमक्याची नक्कल ऑनलाइन विकली जातेय आणि आम्ही म्हणतो, की त्या सर्टिफिकेटने झुमका थांबणार नाही. शिवाय आम्ही कागद फिरवत वेळ घालवला. तुम्ही स्वतः जाहीर केलंय तेवढ्यावरच बोलते. ब्रँडचं नाव, नक्षी, कारागीर यांतलं काहीही माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

'गूगलवर स्पष्ट लिहिलंय, 10 डिझाइनला एक अर्ज चालतो.' लिहिलंय, खरं आहे. पण ते अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाबद्दल आहे. तिथे एकाच कर्त्याच्या, अजून प्रसिद्ध न झालेल्या 10 कलाकृतींपर्यंत एका अर्जात नोंदवता येतात, फी 85 डॉलर. दागिन्याला तिथे शिल्पासारखी कलाकृती म्हणून कॉपीराइट मिळू शकतो, त्यामुळे त्या लेखांत सगळं सोपं वाटतं. आपल्याकडे कॉपीराइट नियम 2013 प्रमाणे एका अर्जात एकच कृती. आणि दागिना कारखान्यातून निघू लागला की तो मुळात कॉपीराइटच्या खात्यातच राहत नाही, हा खरा मुद्दा आहे. आपल्या पहिल्या भेटीत सर्वांत जास्त वेळ यावरच गेला होता.

कॉपीराइट कायदा 1957, कलम 15. ज्या डिझाइनची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, त्या डिझाइनची वस्तू औद्योगिक प्रक्रियेने 50 पेक्षा जास्त वेळा बनली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. त्यासाठी कुणी नोटीस देत नाही, कुणाकडून काही कळत नाही, एक्कावन्नावा नग पडला की संपला. तुमचा झुमका डाय मारून, कास्टिंग करून बनतो. पहिलाच लॉट 100 जोड्यांचा होता, हे तुम्हीच अभिमानाने लिहिलंय. कागदावर काढलेलं मूळ चित्र अर्थातच चित्र म्हणून सुरक्षित राहतं, तुमच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं. कुणी ते चित्र छापून पोस्टर विकलं तर त्याला धरता येईल. झुमका विकणाऱ्याला त्या चित्राच्या जोरावर धरता येत नाही.

हे माझं मत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2009 मध्ये मायक्रोफायबर्स या कंपनीच्या प्रकरणात गाद्यागिरद्यांच्या कापडावरच्या नक्षीबद्दल हेच सांगितलं. 2016 मध्ये त्याच न्यायालयात रितिका विरुद्ध बीबा हा तयार कपड्यांचा दावा याच कलमावर अडला. आणि एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या निकालात कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं ते तपासायची कसोटी घालून दिली. तो वाद गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. पण कसोटी झुमक्यालाही तीच लागते, त्याला इलाज नाही.

म्हणजे दागिन्याचं रूप राखायचं असेल तर डिझाइन कायदा 2000 शिवाय मार्ग नाही. हक्क 10 वर्षांचा, मुदत संपायच्या आत अर्ज केला तर आणखी 5. एकट्या व्यक्तीला सरकारी फी अर्जामागे 1000 रुपये, मोठ्या कंपनीला 4000. आणि तिथे दारातच एक अट उभी असते: अर्ज दाखल होण्याआधी ते डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही लोकांसमोर आलेलं नसावं.

तुमच्या 18 पैकी 7 दागिने गणपतीच्या दिवसांत इन्स्टाग्रामवर झळकले होते, किमतीसकट. आमच्याकडे तुम्ही आलात दसऱ्यानंतर. काही देशांत स्वतःच डिझाइन दाखवल्यावर अर्ज करायला वर्षभराची मुभा असते. आपल्या कायद्यात सवलत आहे ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. तीही आधी डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकाला कळवलं असेल आणि 6 महिन्यांच्या आत अर्ज केला असेल तर. हॉलमधला दिवाळी सेल किंवा इन्स्टा पेज त्यात बसत नाही.

'तरी अर्ज टाकून बघायचा होता,' असं तुम्ही लिहिलंय. टाकता आला असता. डिझाइनच्या अर्जांची तपासणी कोलकात्याच्या सरकारी कार्यालयात होते. तिथला तपासनीस प्रत्येक पेज उघडून बघत नाही, त्यामुळे सर्टिफिकेट कदाचित मिळालंही असतं. पण ज्या दिवशी तुम्ही नक्कल करणाऱ्याला नोटीस पाठवली असती, त्या दिवशी त्याच्या वकिलाने तुमचीच पोस्ट तारखेसकट पुढे करून कलम 19 खाली नोंदणी रद्द करायला अर्ज दिला असता. असा नोंदणीचा अर्ज टाकण्याची आम्हालाही फी मिळते. आम्ही ती घेतली नाही, याला तुम्ही 'उघडं ठेवलं' म्हणता.

उरले 11. त्यातले 2 ठुशी आणि चिंचपेटी एकत्र करून केलेले. दिसायला देखणे, माझ्या बहिणीने किंमत विचारली होती. पण कायदा म्हणतो, की आधीपासून माहीत असलेल्या डिझाइनांपासून किंवा त्यांच्या मिश्रणापासून नवं डिझाइन ठळकपणे वेगळं दिसलं पाहिजे. ठुशीचे मणी आणि चिंचपेटीच्या पट्ट्या आपल्या पणज्यांच्या गळ्यात होत्या. पटवेकऱ्याने त्या नव्या पद्धतीने गाठवल्या एवढ्यावर तुमचा त्यांच्यावर हक्क होत नाही. पदकात तुमची स्वतःची नक्षी घाला, मग पदकाचा अर्ज करू, असं तेव्हाही सुचवलं होतं.

राहिले 9, आणि इथे तुमचा हिशेब आमच्यावर थोडा अन्याय करणारा आहे. एकाच नक्षीचा हार, कानातलं आणि अंगठी बरोबर विकायची असेल तर कायद्यात 'सेट' म्हणून एक अर्ज चालतो. तुमच्याकडे असे दोन सेट निघाले, म्हणजे 6 दागिन्यांना 2 अर्ज. बाकी 3 दागिन्यांच्या नक्ष्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्यांचे 3. झाले 5. कलेक्शनला तुम्ही एक नाव दिलंत, एकाच दिवशी बाजारात आणलंत, म्हणून कायद्याच्या नजरेत ते एक डिझाइन होत नाही. सेटची तरतूद बाजूला ठेवून आम्ही 9 अर्ज केले असते तर तुम्हाला कळलंही नसतं. सरकारी फीच्या 5000 रुपयांच्या पावत्या तुमच्या ईमेलवर आहेत, आमची फी वेगळ्या बिलात आहे.

त्या दुसऱ्या सल्लागारांबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांनी कॅटलॉग ही एक संकलित कृती म्हणून नोंदवली, ते कायदेशीर आहे. फक्त पाककृतींच्या पुस्तकाचा हक्क मिळाला म्हणून पुरणपोळीवर हक्क मिळत नाही, एवढं त्यांनी सांगायला हवं होतं. पण ते सर्टिफिकेट फेकू नका! तुम्ही टाकलेला पहिला स्क्रीनशॉट नीट बघा: विक्रेत्याने झुमक्याबरोबर फोटोही तुमचाच उचललाय, मॉडेलसकट. फोटो ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, उलट करार नसेल तर, तुमचाच. त्या फोटोसाठी विक्री करणाऱ्या साइटकडे कॉपीराइटची तक्रार करा, सोबत सर्टिफिकेट आणि फोटोग्राफरचं बिल जोडा. लिस्टिंग उतरण्याची शक्यता चांगली आहे. तो विक्रेता उद्या स्वतः फोटो काढून पुन्हा आला तर मात्र हा उपाय चालणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

वेळेबद्दल दोनच गोष्टी. स्केचेस तुम्ही एका विद्यार्थिनीकडून मानधनावर करून घेतली होती. अर्ज तुमच्या नावाने करायचा तर ते काम तुमच्यासाठी, मोबदला घेऊन केलंय याचा कागद हवा. तिच्या परीक्षा संपेपर्यंत तो मिळाला नाही. दुसरं म्हणजे फोटो. गळ्यात घातलेला, मागे पैठणीचा पदर असलेला फोटो अर्जाला चालत नाही. दागिना एकटा, साध्या पार्श्वभूमीवर, समोरून, मागून, बाजूंनी, वरून, खालून. तुमच्या ब्रँडची चकतीसुद्धा दिसायला नको. आम्ही तीनदा परत पाठवले ते कोलकात्याच्या कार्यालयातून आक्षेप येऊन अर्ज लटकू नये म्हणून.

कोल्हापुरी चपलेचंही लिहिलंय तुम्ही: 'प्रादाच्या वेळी सगळे उभे राहिले, आमच्या वेळी कुणी नाही.' ते भौगोलिक मानांकन आहे. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे झालं, आणि ते एका उद्योजकाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचं असतं. जून 2025 मध्ये प्रादा या इटालियन ब्रँडने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, त्यानंतर झालेली जनहित याचिकासुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. तुमच्या कामाला तो रस्ता लागू नाही.

आता त्या 7 दागिन्यांचं काय? त्यांच्या रूपावर हक्क मिळवण्याची वेळ गेली. पण नाव तुमचं आहे. ब्रँडचा ट्रेडमार्क दागिन्यांच्या वर्ग 14 मध्ये करून घ्या, ऑनलाइन अर्जाला व्यक्तीसाठी सरकारी फी 4500 रुपये. क्लच आणि पर्स काढायचा विचार असेल तर वर्ग 18 चा अर्ज वेगळा. नक्कल करणाऱ्याने नाव किंवा डबी तुमच्यासारखी वापरली तर त्याला तिथे धरता येईल. तुमच्या अर्ज केलेल्या 5 डिझाइनांपैकी नोंदणी झालेल्या एखाद्याची नक्कल झाली, तर कायद्यात दोन पर्याय आहेत. एका उल्लंघनामागे 25,000 रुपयांपर्यंतची रक्कम मागायची, पण एका डिझाइनमागे एकूण 50,000 च्या वर नाही. किंवा जिल्हा न्यायालयात मनाई आणि नुकसानभरपाईचा दावा लावायचा. धंदा चालू असणाऱ्याने सहसा मनाई मागावी, असं माझं मत. 25,000 रुपये मोठा नक्कलवाला हसत भरतो.

पाचपैकी दोन अर्जांना तपासणीत आक्षेप आले आहेत, दोन्ही किरकोळ: एका नक्षीच्या नवेपणाचं विधान नीट शब्दांत मांडायचं, दुसऱ्यात मागच्या बाजूचा फोटो धूसर आहे. ते दुरुस्त करायला अर्जाच्या तारखेपासून 6 महिने मिळतात, मागितली तर आणखी 3 महिन्यांची मुदतवाढ, तिची फी वेगळी पडते. ती द्यायची वेळ येऊ नये. नवा फोटो या शनिवारी दुपारी एकच्या आत पाठवा किंवा दागिनाच घेऊन या, आमच्याकडे लाइट बॉक्स आहे, काढून देऊ. त्याचे पैसे नाहीत. फाइल दुसऱ्या सल्लागाराकडे न्यायची असेल तर अधिकारपत्र बदलण्याचा कागद तयार ठेवलाय, सही करून न्या. आमची बाकी काही नाही.

कार्यालय प्रमुख,
डिझाइन व ट्रेडमार्क नोंदणी सल्लागार, पुणे