दहाच्या जागी वीसचा फ्यूज बसवण्याआधी

माझ्या हॅचबॅक गाडीच्या पार्किंग लाइटचा फ्यूज गेल्या महिन्यात तीनदा उडाला. पहिला बदलल्यावर आठवडा निघाला, दुसरा दोन दिवस टिकला आणि तिसरा तर लाइटचा स्विच फिरवताक्षणी गेला. त्यावर एका अनुभवी माणसाने मला दिलेला सल्ला होता, "दहाचा (म्हणजे 10 अँपिअरचा) टिकत नाही ना, मग वीसचा टाका, कटकट मिटेल." हा सल्ला इतक्या सहजपणे आणि इतक्या ठिकाणी दिला जातो, की त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. माझ्या मते गाडीच्या बाबतीत दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांपैकी हा सर्वांत घातक सल्ला आहे.

फ्यूज दिव्याचे रक्षण करतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो तारेचे रक्षण करतो. ज्या जाडीची तार त्या सर्किटमध्ये टाकलेली असते, तिला न तापता जेवढा करंट वाहून नेता येईल त्याच्या आतच फ्यूजचा आकडा ठरवलेला असतो. गाडीत वापरल्या जाणाऱ्या दोन पात्यांच्या ब्लेड फ्यूजचे रंगही त्यासाठीच ठरलेले आहेत : लाल 10 अँपिअरचा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. लालच्या जागी पिवळा बसवला, तर तारेतून दुप्पट करंट वाहू शकतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती दुप्पट न होता चौपट होते. म्हणजे आता सर्वांत आधी वितळणारी वस्तू फ्यूज राहत नाही. ती जागा कार्पेटखालून किंवा छताच्या अस्तरातून गेलेली तार घेते. कटकट मिटते हे खरे, पण ती का मिटली हे धूर निघाल्यावर कळते.

उडालेला फ्यूज फेकून देण्याआधी उजेडात धरून पाहावा. आतली पट्टी मधोमध शांतपणे वितळून लहानशी फट पडली असेल, तर बहुधा सर्किटवर क्षमतेपेक्षा थोडा जास्त भार बराच वेळ पडत होता. एखादी जाम होत चाललेली मोटर किंवा नंतर जोडलेले जास्त वॅटचे दिवे हे त्याचे नेहमीचे कारण. पट्टी पार नाहीशी होऊन प्लास्टिक आतून काळे पडले असेल, तर थेट शॉर्ट झाला आहे, म्हणजे करंट दिव्यातून न जाता सरळ बॉडीत उतरतो आहे, असे समजावे. माझे तिन्ही फ्यूज आतून काळे होते, त्यामुळे संशय सरळ तारेवर गेला.

येथे मल्टिमीटर घेऊन बसणारे बरेच जण फसतात, आणि मीही फसलो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मी फ्यूजच्या लोडकडच्या, म्हणजे दिव्यांकडे जाणाऱ्या पिनपासून बॉडीपर्यंतचा रेझिस्टन्स मोजला, तो एका ओहमच्याही खाली आला आणि शॉर्ट सापडला असे समजून मी खूश झालो. परंतु थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्या फिलामेंटच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो. 5 वॅटचा बल्ब पेटलेला असताना सुमारे 29 ओहम आणि थंड असताना जेमतेम 3 ओहम दाखवतो. असे पाच बल्ब समांतर जोडलेले असले, तर मीटर निरोगी सर्किटलाही शॉर्ट ठरवतो. म्हणून त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढल्याशिवाय आणि कपलर (तारा जोडणारे प्लास्टिकचे जोड) सोडवल्याशिवाय या आकड्याला काही अर्थ नाही.

त्यापेक्षा जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. फ्यूज काढून त्याच्या दोन पिनांच्या जागी लांब तारा जोडलेला 21 वॅटचा साधा फिलामेंट बल्ब लावायचा. एलईडी चालत नाही. पुढे शॉर्ट असला तरी या बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडतो, त्यामुळे फ्यूजमागून फ्यूज न जाळता निवांत शोध घेता येतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट कायम आहे, मंद पेटला तर करंट एखाद्या भारातून जातो आहे, आणि विझला तर तुम्ही नुकतीच हलवलेली गोष्टच गुन्हेगार आहे. एअरबॅगच्या सर्किटवर मात्र हा प्रयोग कधीही करू नये. तिथले पिवळे कपलर दिसले की हात मागे घ्यावा.

मी पुढचे, मागचे आणि नंबर प्लेटचे बल्ब काढले. डॅशबोर्डचे दिवे तेवढे राहिले, म्हणजे चाचणीचा बल्ब फार तर मिणमिणायला हवा होता. पण तो लख्ख पेटलेला होता. मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून बल्बकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि मी एकेक जागेची तार हलवत मागे मागे सरकत गेलो. (या कामाला दुसरा माणूस लागतोच, एकट्याने केले तर निम्मा वेळ पळापळीत जातो.) मागचा दरवाजा हळूहळू वर उचलू लागलो, तो अर्ध्यावर येताच आतून आवाज आला, "बाबा, गेला!" थोडा खाली आणला, "लागला!" पाच-सहा वेळा हेच केले आणि प्रत्येक वेळी त्याच उंचीवर बल्ब विझला.

छत आणि मागचा दरवाजा यांच्यामधल्या बिजागरीजवळ नळीसारखा रबरी बूट असतो आणि दरवाजाकडे जाणाऱ्या सगळ्या तारा त्यातून जातात. दरवाजा उघडला-मिटला की त्या तिथेच वाकतात, वर्षानुवर्षे त्याच जागी. बूट सरकवल्यावर नंबर प्लेटच्या दिव्याची तार दिसली. तिच्या इन्सुलेशनला आडवी चीर पडली होती, आतले तांबे हिरवट झाले होते आणि दोन-तीन तंतू पत्र्याच्या कडेला घासत होते. गाडीत बॉडी हीच निगेटिव्ह असल्यामुळे उघड्या तांब्याला एवढा स्पर्श पुरतो. सुरुवातीला फ्यूज कधी टिकायचा आणि कधी उडायचा तोही याचमुळे. तो खड्ड्यावर आणि दरवाजा आपटण्यावर अवलंबून होता.

दुरुस्तीविषयी एकच आग्रह धरतो. चिरलेल्या जागेवर नुसती टेप गुंडाळू नये, कारण वाकत्या जागी ती सुटतेच. आणि बिजागरीपाशीच सोल्डरही करू नये, कारण सोल्डर केलेला भाग ताठ होतो आणि तार त्याच्या शेजारी तुटते. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, बुटाच्या दोन्ही बाजूंना पुरेसे अंतर सोडून, मधला पूर्ण तुकडा त्याच जाडीच्या लवचीक तारेचा घालावा आणि सांधे हीट श्रिंक स्लीव्हने (तापवल्यावर आवळून बसणाऱ्या नळीने) झाकावेत.

मी लाल फ्यूज पुन्हा बसवला आणि तो अजून शाबूत आहे. मात्र बूट उघडलाच होता म्हणून बाकीच्या ताराही बोटाने वाकवून पाहिल्या, तर आणखी तिघींचे इन्सुलेशन तडकलेले निघाले. त्यांतली एक मागच्या काचेच्या हीटरची होती आणि तिच्यावरचा फ्यूज मुळातच हिरवा, 30 अँपिअरचा आहे.