सात महिने कुठे होतास?

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीच्या बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला आणि मिरकरवाड्यातल्या बोटी जागच्या जागी राहिल्या. त्यामुळे एरवी हाती न लागणारा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, संध्याकाळी मांडवीच्या कट्ट्यावर हजर होता. निवृत्त मास्तर होते. मारुती मंदिराच्या स्टँडवर रिक्षा लावणारा आमचा दोस्त होता. जहाजावर सेकंड इंजिनीयर असलेला वर्गमित्र सुट्टीवर आला होता, तोही होता. पुण्यात एचआरमध्ये दहा वर्षं काढलेली आमच्या आळीतली ताई राखीला आली होती, ती सगळ्यात शेवटी आली.

माझा मामेभाऊ मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. पुण्याच्या एका कंपनीची ऑफर आली होती आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांच्या तपासणीचा, फॉर्म गुरुवारपर्यंत भरायचा होता. लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्याने सव्वादोन वर्षं क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्यात, काढली. मग मामाची बायपास ठरली तेव्हा रजा मिळेना, म्हणून हा नोटीस न देताच निघून आला. पुढचे सात महिने घरी होता. आंब्याला मोहोर आला, फवारण्या झाल्या, राखण केली, पेट्या भरल्या. पाऊस लागल्यावर पुण्यात बारा माणसांच्या एका लॅबमध्ये लागला, तर चौदा महिन्यांत तिला टाळं. लोट्याचं रिलिव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, नाही, दुसरी कंपनी अस्तित्वात नाही आणि मधे सात महिने कोरे.

रिक्षावाला म्हणाला, "एवढा विचार कसला करतोस मेल्या? सात महिन्यांचं एक्सपिरियन्स लेटर विकत मिळतं. आमच्या स्टँडवरच्या एकाच्या पोराने घेतलं, मजेत आहे आज."

"मिळतं, खरं आहे," ताई म्हणाली. "पण लेटरच्या मागे काय मिळतं? पीएफ मिळतो? बँकेत पगार जमा झालेला दिसतो? आम्ही हल्ली कागद शेवटी बघतो. आधी उमेदवाराच्या संमतीने यूएएनची, म्हणजे त्याच्या पीएफच्या कायमच्या नंबरची, सर्व्हिस हिस्टरी बघतो. कुठल्या कंपनीत कधी लागला, कधी सोडली, सगळं एका पानावर येतं. पगारातून टीडीएस, म्हणजे आयकर, कापला असेल तर आयकर खात्याच्या २६ एएस पत्रकात कापणाऱ्याचं नाव असतं. तुझ्या विकतच्या कंपनीचं नाव यातल्या एकाही ठिकाणी नसेल."

रिक्षावाला मागे हटला नाही. त्याचं म्हणणं मी इथे मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण त्यात वजन होतं. "पोराने सव्वादोन वर्षं वास सहन करत काम केलं. बापाचं ऑपरेशन, तरी आठ दिवस रजा देत नाहीत. लेटर मागितलं तर फोन उचलत नाहीत. कंपनीने कसंही वागावं आणि खरं फक्त यानेच बोलावं? हा कुठला न्याय?"

कुणालाच लगेच उत्तर सुचलं नाही. मग मी माझी गोष्ट सांगितली, जी घरातसुद्धा सगळ्यांना माहीत नाही. दुसरी नोकरी धरताना मी पहिली नोकरी सोडल्याची तारीख दोन महिने पुढे ढकलली होती. मधे रिकामा होतो हे लिहायची लाज वाटली. मी कामावर रुजू झालो, टेबल मिळालं, टीम मिळाली, आणि चौथ्या महिन्यात व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट आला. त्याच दुपारी लॅपटॉप काढून घेतला. साहेब एवढंच म्हणाले की दोन महिने रिकामा होतास याचं आम्हाला काही नव्हतं. ते वाक्य मला अजून झोपेत आठवतं. त्या दोन महिन्यांचं कुणाला काही नव्हतं, आणि मी त्यांच्यासाठी नोकरी घालवली.

जहाजवाला म्हणाला, "आमच्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकात, प्रत्येक जहाजाचं साइन-ऑन, साइन-ऑफ कॅप्टनच्या सही-शिक्क्याने येतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं की चार-चार महिने घरी असतो. मला कुणी विचारत नाही रिकामा का होतास. किनाऱ्यावर मात्र रिकामा माणूस म्हणजे संशयित." मग थोडं थांबून म्हणाला, "पण त्याच पुस्तकात कुणी खोटी सी-सर्व्हिस, म्हणजे जहाजावर न काढलेले दिवस, दाखवली तर त्याला माफी नाही. त्या दिवसांच्या हिशोबावर परीक्षा देऊन माणूस इंजिन सांभाळतो."

मास्तरांनी अवतार सिंग खटल्याचा २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. तो सरकारी नोकरीत पोलीस केस लपवण्याबद्दलचा आहे, खाजगी कंपनीतल्या गॅपबद्दलचा नाही, हे त्यांनीच आधी सांगितलं. पण त्यातलं एक तत्त्व त्यांना इथे लागू वाटत होतं. माणसाने दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि महत्त्वाचं काही लपवता कामा नये. खरं सांगितल्यावर त्या माणसाला घ्यायचं की नाही, हा मालकाने विचार करायचा भाग. "आणि विकतचं लेटर हे नुसतं लपवणं नाही रे," ते म्हणाले. "खोटा कागद खरा म्हणून पुढे करणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे."

तांडेल इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "गो ताई, पण ती लॅबच बंद. तिथे कुणाला विचारणार तुम्ही?"

मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळ्यात उपयोगी भाग इथे सुरू झाला. ताईने सांगितलं की रिपोर्टात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे 'जुळलं नाही', दुसरी 'तपासता आलं नाही'. लोक दोन्हीला सारखेच घाबरतात. बंद कंपनीत फोन उचलायला कुणी नसतं, तेव्हा दुसरा शेरा येतो आणि एचआर तुमच्याकडे पुरावे मागतं. ऑफर लेटर, पगारपत्रकं, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, जमलं तर तिथल्या जुन्या साहेबांचा नंबर. वीसपेक्षा कमी माणसं म्हणजे पीएफचा कायदा सहसा लागूच होत नाही, तेव्हा पीएफ का नाही हेही एका ओळीत लिहायचं. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी मंत्रालयाच्या साइटवर तिची स्थिती दिसते. जीएसटी नंबर रद्द झाला असेल तर तेही कुणालाही बघता येतं. "हे सगळं आम्ही मागायच्या आधी जोडून दे. मागितल्यावर दिलेला कागद आणि आधीच दिलेला कागद, वाचणाऱ्याला फरक पडतो."

"आणि लोटे?" मी विचारलं.

तिने त्याचा मोबाईल घेतला, पीएफच्या पोर्टलवर गेली आणि कपाळाला हात लावला. लोट्याच्या कंपनीसमोर सोडल्याची तारीखच नव्हती. म्हणजे हा लॅबमध्ये चौदा महिने काम करत होता तेव्हा कागदावर अजून लोट्यातच होता. वाचणाऱ्याला दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसल्या असत्या, आणि त्याबद्दल याला काही पत्ताच नव्हता. आपली सर्व्हिस हिस्टरी आपण कधी उघडत नाही. मीही त्या रात्री घरी जाऊन पहिल्यांदा उघडली.

ही तारीख जानेवारी २०२० पासून आपली आपल्याला टाकता येते. कंपनीच्या मागे लागावं लागत नाही. नोकरी सोडून दोन महिने झाले पाहिजेत आणि तारीख शेवटचं योगदान ज्या महिन्यात जमा झालं त्याच महिन्यातली हवी. पोर्टलवर 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट' आहे. "वायच थांब," ताई म्हणाली, "एकदा टाकलीस की बदलणं सोपं नाही. आधी पासबुक बघ." पासबुकात शेवटचा भरणा नोव्हेंबरचा होता.

ओटीपी आधारच्या नंबरवर गेला, आणि आधारला अजून मामाचा नंबर जोडलेला. फोन लावला. मामा चष्मा शोधत होते ते ऐकू येत होतं. मग एकेक आकडा वाचायला लागले, मधेच विसरून पुन्हा पहिल्यापासून. समुद्राचा आवाज एवढा की मामेभाऊ एका कानात बोट घालून उभा होता. ज्यांच्यासाठी नोकरी सोडली त्यांच्याच तोंडून ते सहा आकडे येत होते. आम्ही कुणी काही बोललो नाही.

तारीख पडली. राहिला नोटिशीचा प्रश्न, आणि तिथे भांडण पुन्हा पेटलं. ताईचं म्हणणं, जुन्या कंपनीला मेल कर, न दिलेल्या नोटिशीचे पैसे भरायची तयारी दाखव, फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, आणि रिलिव्हिंग लेटर माग. नाहीतर विचारल्यावर ते 'न सांगता गेला' एवढंच सांगणार. रिक्षावाला उठून उभा राहिला. "वर त्यांनाच पैसे द्यायचे?"

मला त्याचा राग पटतो. सही करताना कराराचं ते पान कुणी नीट वाचत नाही, आणि गरजेच्या वेळी ते फक्त एका बाजूने वाचलं जातं. तरी मी ताईच्या बाजूने बोललो. एका महिन्याचा पगार गेला तर भरून निघतो, पण तो शेरा पुढच्या प्रत्येक नोकरीत याच्या मागे येणार.

मामेभावाने मेल तिथेच लिहिला. ऑपरेशनची तारीख, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, नोटीस न देता आल्याबद्दल दिलगिरी, पैसे भरायची तयारी. मग फॉर्ममधला गॅपचा रकाना उघडला. आधी त्याने लिहिलं होतं 'वैयक्तिक कारण'. ते खोडून लिहिलं, 'वडिलांची बायपास शस्त्रक्रिया. त्या काळात घरची हापूसची बाग सांभाळली.' ताई म्हणाली, बागेची विक्रीची बिलं असतील तर तीही ठेव हाताशी.

बुधवारी रात्री फॉर्म गेला. लोट्याहून अजून उत्तर नाही, आणि काल मेल पुन्हा पाठवलाय. रिक्षावाला अजूनही म्हणतो की पैसे देणं चूक आहे. पण नोटिशीची रक्कम किती होईल, हे त्याने मला दोनदा विचारलं, आणि कमी पडले तर आधी मला सांग, म्हणाला.