पोटदुखी आणि झिरो झिरो सेव्हन

कोल्हापुरात गुप्तहेर होणं कुणाच्या बापाला जमणार नाही. हे मी २००६ च्या नोव्हेंबरात, एका बुधवारी बाराच्या शोला 'कॅसिनो रॉयल' बघायला जाऊन सिद्ध केलंय.

त्याचं असं झालं, आधीचा बॉन्ड २००२ ला ती गायब होणारी गाडी चालवून गेला तो गेलाच, चार वर्षं पत्ता नाही, आणि आता आला डॅनियल क्रेग, तो पण भुऱ्या केसांचा. तिकडं इंग्लंडात बोंबाबोंब झालेली, आमच्या कट्ट्यावर पण दोन पार्ट्या पडल्या. रविवारपर्यंत थांबलो तर कोणतरी स्टोरी फोडणार हे नक्की. म्हणून साहेबांना फोन लावला, पोट बिघडलंय. आवाज बारीक, मध्ये एकदा कण्हलो. घरातनं मात्र डबा घेऊन रोजच्या टायमाला बाहेर. म्हणजे डबल एजंटच की.

शिरोलीचा रस्ता सोडून गाडी थेटरकडं वळवली आणि पहिल्याच सिग्नलला शेजारचे काका. "काय गा, आज इकडं कुठं?" हा आमच्याकडं प्रश्न नसतोय, चेकनाका असतोय. म्हटलं, "बँकेत." काका म्हणाले, "बँक मागं राहिली की रं." पुढं पानपट्टीवाला, मग मेव्हण्याचा दोस्त, तिकिटाच्या लायनीत तर एकानं डब्याकडं बघून विचारलं, "आतच जेवणार काय?"

पिक्चर मात्र नाद खुळा. सगळी गॅझेटं जवळजवळ काढून टाकलेली, नुसता पळतोय, मार खातोय, रक्त पुसतोय. आणि गुप्तहेर कसला हो, हॉटेलात खोट्या नावानं बुकिंग आणि हा काउंटरवर खरं नाव सांगून मोकळा! बॉन्डची पुस्तकं लिहिणाऱ्या फ्लेमिंगनं म्हणे पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचं नाव उचललं होतं, का तर त्याला अगदी साधं, बिनचमकीचं नाव पाहिजे होतं. वाया घालवलं की. १९५३ च्या पुस्तकात जुगार बॅकरॅटचा आहे, पिक्चरमध्ये पोकर केलाय, आणि माझ्या पुढच्या रांगेतला एक पैलवान त्याच्या दोस्ताला अर्धा तास समजावत होता, "तीन पत्तीच हाय मर्दा, पानं तेवढी जास्त." दोस्ताला पटलं. खरं सांगायचं तर मलाही तेवढंच कळलं.

मग तो सीन आला. बूड काढलेली खुर्ची, त्यावर बांधलेला उघडा बॉन्ड, आणि व्हिलनच्या हातात गाठ मारलेला दोर. पहिला फटका बसला आणि थेटरातल्या झाडून सगळ्या बाप्यांनी एकदम मांड्या आवळल्या, खुर्च्यांचा कर्र आवाज झाला. पैलवानाचं समजावणं बंद. एवढं होऊन बॉन्डनं पासवर्ड काय दिला नाही.

पावणेतीनला सुटलो. ड्युटी सुटायच्या टायमापर्यंत रंकाळ्यावर भेळ खात, ओळखीचं कोण दिसलं की पाण्याकडं तोंड करून बसलो. घरी पोचलो तर बुधवार असल्यानं जिन्यातच मटणाचा वास. हातपाय धुऊन पाटावर बसलो. ताटात मऊ भात आणि मेतकूट.

आई म्हणाली, "साहेबांचा फोन आलता. पोट बिघडलंय न्हवं तुझं?"

बायको काय बोलली नाही. पिशवीतनं डबा काढला, झाकण उघडलं, सकाळच्या चपात्या आणि मेथी जशीच्या तशी, तो डबा तिनं शांतपणे माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि पांढऱ्या रश्श्याचं पातेलं माझ्या नाकासमोरनं पलीकडं नेलं.

मी फुटलो. शो, तिकिटाचा रेट, भेळ, सगळं सांगितलं.

"ते काकांनी दुपारीच सांगितलंय हो," बायको म्हणाली. "बरोबर कोण होतं तेवढं सांगा."

एकटाच होतो, आईशप्पथ. पण तोवर वाढणं झालेलं.