नाशिकचं पाणी

2000 साली मामाने मस्कतहून वॉकमन आणला. खिशात मावणाऱ्या कुठल्याही टेपला आपण वॉकमनच म्हणतो. याची कंपनी सांगत नाही, भांडण घरातलं आहे. इतका सडपातळ की आईने उलटसुलट करून विचारलं, "यात कॅसेट कुठून घालायची?"

प्रश्न रास्त होता. कॅसेट 1963 पासून तेवढीच, जेमतेम 10 सेंटिमीटर लांब. ती काही बारीक होईना, म्हणून इंजिनियर मंडळी तिच्याभोवतीचं सगळं तासत बसली. सोनीचा 1979 चा पहिला वॉकमन बॅटऱ्यांसकट 390 ग्रॅमचा ठोकळा होता. 1983 मध्ये त्यांनी कॅसेटच्या डबीएवढा काढला, पण वाजवायचा तर खणासारखा ओढून मोठा करा! (म्हणजे पोट आत घेऊन फोटो काढण्यातलाच प्रकार.) पुढे बटणं हेडफोनच्या वायरीवर गेली आणि पेन्सिल सेलची जागा च्युइंगमच्या पट्टीसारख्या चपट्या बॅटरीने घेतली.

माझी ती पट्टी दीड वर्षात मेली. मेन रोडपासून शालिमारपर्यंत दुकानं पालथी घातली. एकाने घड्याळाचा सेल पुढे केला, एकाने खरोखरचं च्युइंगम. शेवटी खोक्याच्या तळाशी प्लास्टिकची एक डबी सापडली. तिच्यात पेन्सिल सेल घालायचा आणि ती मशीनच्या कडेला स्क्रूने आवळायची. इतक्या वर्षांत उतरवलेलं वजन एका सेलने परत चढलं. शर्टाच्या खिशात कुबड घेऊन मी कॉलेज रोडवर हिंडायचो.

मग आतला टेप फिरवणारा रबरी पट्टा सैल पडला. गायिका दुपारच्या झोपेतून उठवल्यासारखी गाऊ लागली, तबलजी तर झोपलेलाच. भद्रकालीतल्या मेकॅनिकने भिंगातून आत डोकावून सुस्कारा सोडला.

"भाऊ, उघडतो. पण परत बसेलच असं नाही."

शेजारी कोणाचा तरी जुना, विटेएवढा वॉकमन होता. त्यात अख्खी तर्जनी खुपसून तो म्हणाला, "बघा, इथे बोट जातं. बोट गेलं की काम होतं."

मी त्याच्या बोटाकडे पाहिलं, माझ्या मशीनकडे पाहिलं आणि गुपचूप घरी आलो. झाकण नीट लागत नव्हतं म्हणून वर दोन रबरबँड चढवले.

दिवाळीला मामा आला. हातात घेऊन बघतच राहिला. "अरे, हा एवढा जाड कसा झाला?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाशिकचं पाणी मानवलं त्याला."