हळद लावल्याबद्दल आभार

अनामिक महोदय,

‘शोधून शोधून बागायत शिकलो’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: गूगलवर मिळते ती माहिती, ज्ञान नव्हे. गूगलने स्मरणशक्ती जाते हे शास्त्राने सिद्ध झालंय. आणि ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले तुमच्यासारखे लोक नवशिक्यांच्या बागा बुडवतील.’

शीर्षक भडक होतं, मान्य. नुसता मोबाइल चाळून कोणी बागायतदार होत नाही. पण हे साध्या शब्दांतही सांगता आलं असतं. नाव न देता एखाद्याला हळद फासायची, ही कुठली रीत?

आता माझ्या हळकुंडाविषयी. देवगडातली हापूसची कलमं माझ्याकडे आली तेव्हा वडील नव्हते. जाणत्यांना विचारलं, तर ‘येतो, बघूया’ करत अख्खा हंगाम गेला. काळी पडलेली पानं औषधांच्या दुकानात नेली. त्यांनी धड न बघताच करप्याचं बुरशीनाशक हातात ठेवलं. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

रात्री शोधायला बसलो. आधी जाहिराती, मग फवारणीचे आरडाओरडा करणारे व्हिडिओ. बरंच खाली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माहिती सापडली: तुडतुडे रस शोषतात, अंगातून गोड चिकट द्रव टाकतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. सकाळी बागेत जाऊन पानावर अंगठा घासला. काजळी अंगठ्याला आली, खालचं पान हिरवंगार. करप्याचा डाग असा पुसला जात नाही, तो पानातच असतो. फांदी हलवली तर तुडतुडे भसकन तोंडावर आले. बुरशीनाशकाची बाटली तशीच परत केली. पैसे मिळाले नाहीत, ते सोडा.

कल्टारचंही, म्हणजे मोहर फुटावा म्हणून झाडाला देतात त्या औषधाचंही, तेच. ते झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून त्या हिशोबाने द्यायचं, हे मला बांधावर कोणी सांगितलं नाही. ‘घाल थोडं जास्त, मोहर फुटेल’ असं सांगणारे मात्र पुष्कळ भेटले, आणि ते सगळे अनुभवी होते बरं का. बागा कोण बुडवतं, हे यावरून तुम्हीच ठरवा.

स्मरणशक्तीचं म्हणाल, तर 2011 साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला अभ्यास तुमच्या मनात असावा. माहिती पुन्हा मिळणार हे ठाऊक असलं की माणसं ती कमी लक्षात ठेवतात, पण कुठे मिळेल ते ध्यानात ठेवतात, एवढंच त्याचं म्हणणं. त्यातला एक प्रयोग इतर संशोधकांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तोच निकाल आला नाही. ते 2018 साली छापूनही आलं. आणि तुम्हाला तो अभ्यास कळला कुठून? ‘सायन्स’चा अंक देवगडच्या एसटी स्टँडवर तरी मी पाहिलेला नाही.

माहिती आणि ज्ञान यांतला फरक वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे निवांत वेळेचे आहेत. सध्या मोहर सुरू आहे, मला तेवढी सवड नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा, आणि तुमची किती कलमं आहेत तेही कळवा.